तीन पातळ कपड्यांचा अर्ज

अर्जदार : वामन, धंदा अर्जनवीस, वय सत्तेचाळीस. बसण्याची जागा : वसईच्या कचेरीचा व्हरांडा, पायऱ्यांपासून दुसरा खांब.

जाबदार : पेद्रू, कोर्टाचा बेलिफ, वय एक्कावन्न. राहणार पाचूबंदर. हल्ली मुक्काम चर्चच्या मागची जागा, भिंतीकडून तिसरी रांग.

घटनेची तारीख : गेल्या दिवाळीनंतरचा एक मंगळवार. नक्की कोणता, ते चौथी साक्षीदार सांगत नाही.

साक्षीदार : पहिली, मर्सेलीन वहिनी, जाबदाराची पत्नी. दुसरी, आचोळ्याची जानकीआजी. तिसरे, कचेरीचे नाझरसाहेब, ज्यांच्या हाताखाली सर्व बेलिफ काम करतात. चौथी, सुशीला, अर्जदाराची पत्नी. ही साक्षीदार आहे की जाबदार क्रमांक दोन, ते अर्जदाराला अद्याप ठरवता आलेले नाही.

तक्रारीचे कारण : वीस वर्षांची ओळख असताना, आणि अर्जदार आपल्या जागेवर रोज हजर असताना, जाबदाराने आपल्या आयुष्यातला एकुलता एक सरकारी अर्ज दुसऱ्याच्या हातून लिहून घेतला, ही गोष्ट अर्जदारापासून लपवून ठेवली, आणि खुलासा करण्यापूर्वी तो मरण पावला.

पेद्रू, रीतीप्रमाणे येथून पुढे मी तुला 'आपण' म्हणायला हवे. ज्यांचे तोंड पाहणेही मला नकोसे होते अशा कितीतरी लोकांना मी कागदावर 'आपण' म्हटले आहे. तुला समोरासमोर कधी म्हटले नाही. आता सुरू केले तर तू जेथे असशील तेथे पोट धरून हसशील, आणि हसण्याचा तुझा आवाज मी एवढ्यात आठवू इच्छीत नाही. म्हणून तू.

तुला जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना झाली, त्या महिन्याच्या मिस्सेनंतर फादरांनी सांगितले, की ज्याच्याजवळ पेद्रूची आठवण असेल त्याने ती लिहून द्यावी, गावच्या मासिकात छापू. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. लिहिणारा या गावात मीच, अशी लोकांची समजूत आहे, आणि त्या दिवसापर्यंत माझीही होती. मी गंभीरपणे मान हलवली. माझ्याजवळ आठवणींहून तक्रार अधिक आहे, हे त्यांना काय ठाऊक.

तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझी मुले हे सर्व दुसरे कोणी लिहील. मी तुझ्या कपड्यांपासून आरंभ करतो, कारण तंट्याचे मूळ तेथे आहे.

समन्स ज्याच्या नावाचे असेल त्याच्या हातात पडावे लागते. शेतकरी उन्हे वर आली की शेतावर जातो आणि संध्याकाळपर्यंत सापडत नाही. म्हणून तू पहाटे निघायचास आणि तो दातांना राख लावून दारात उभा असतानाच त्याला गाठायचास. वसईहून रूळ ओलांडून गोखिवरे, तेथून आचोळे, तेथून मनवेलपाडा, हा तुझा फेरा. मुंबईचे लोक म्हणतात की आमच्याकडे थंडी पडत नाही. त्यांनी पौष महिन्यात, भाताची कापणी होऊन शेते उघडी पडलेली असताना, उत्तरेचा वारा तोंडावर घेत त्या वाटेने सायकल हाणून पाहावी. पायी चालणाऱ्याला जी नुसती गार हवा वाटते, ती सायकलवाल्याच्या छातीत शिरते.

तुझी तयारी मी तुझ्या ओसरीवर बसून अनेकदा पाहिली आहे. सर्वांत आत धुऊन धुऊन विरलेला सुती बनियन. त्यावर छातीपुरता कागद, चार घड्यांचा. हा कागद माझा. माझे खराब झालेले मसुदे तू दर शनिवारी मागून न्यायचास. त्यावर फ्लॅनेलची बंडी. बंडीवर जानकीआजीने दिलेला बिनबाह्यांचा लष्करी स्वेटर, जो तिच्या मुलाने लढाईवरून आणला होता. त्यावर कोर्टाचा खाकी डगला. आणि सर्वांवर, फक्त पुढच्या बाजूला, पोटापर्यंत येणारे मेणकापड. त्याच्या नाड्या पाठीवर बांधलेल्या, पाठ मात्र मोकळी. हातांना जुने पायमोजे, अंगठ्यापुरते भोक पाडलेले. कानांवरून मफलर.

"पाठ का उघडी ठेवतोस?" मी विचारले होते.

"वारा फुडून येतो, रायटर. घाम मागून जायाला वाट नको?"

तू मला रायटर म्हणायचास. सगळी कचेरी वामनराव म्हणते. तुझ्या तोंडून मात्र रायटर म्हणजे एखादा मोठा अधिकारी आणि एखादे पाळलेले मांजर, दोन्ही एकदम वाटायचे.

आणि एवढे सगळे अंगावर घालूनही तू निघताना कुडकुडत असायचास. मी ते बोलून दाखवले की म्हणायचास, "निघताना वाईच थंडी वाजलीच पायजे. घरातून जो गरम निघतो, तो गोखिवऱ्याला वला होतो." गोखिवऱ्याला तू डगल्याच्या गुंड्या सोडायचास. आचोळ्याच्या अलीकडे स्वेटर काढून कॅरिअरला बांधायचास. कोणाच्या दारात थांबायचे असले की थांबण्याआधी स्वेटर पुन्हा चढवायचास, थांबल्यानंतर नव्हे. यात तुझी सगळी विद्या होती. मी तिला हसत असे. माझे मत असे, आणि ते मी व्हरांड्यात चारचौघांत मांडत असे, की सभ्य माणसाला थंडीसाठी एक चांगला जाड कोट पुरतो. एकावर एक पाच चिंध्या हे दारिद्र्याचे लक्षण.

"थंडी एक नाय, रायटर," तू म्हणायचास. "एक हवेची, एक वाऱ्याची. नि तिसरी घामाची. ती तुजी तूच बनवतोस. जाड कोट पयल्या दोघींना आडवतो नि तिसरीला घरात घेतो."

आता मत्सराचा मुद्दा. तो मी लपवीत नाही, कारण लपवलेला मुद्दा उलटतपासणीत बाहेर येतोच.

मी लोकांच्या बाजूने लिहितो. त्यांचे दुःख मी नीट भाषेत मांडतो, नसेल तेथे थोडे घालतोही. तू त्यांच्या विरुद्धचा कागद त्यांच्या दारात नेऊन देत होतास. न्यायाने पाहिले तर चहा मला मिळायला हवा आणि कुत्रे तुझ्या अंगावर सोडायला हवे. घडत होते ते उलटेच. माझ्याकडून अर्ज लिहून घेतला की माणूस अंगठा देऊन, मान खाली घालून निघून जातो. पुन्हा रस्त्यात भेटला तर ओळख दाखवीत नाही, कारण मी त्याचे रडणे ऐकलेले असते. आणि तू? बांधाच्या तंट्याचे समन्स हातात ठेवलेस त्या जानकीआजीने तुला विचारले, "छाती उघडी घेऊन कुठं फिरतोस रं मेल्या?" आणि आत जाऊन मुलाचा स्वेटर आणला. मेणकापड पाचूबंदरच्या एका नाखव्याने दिलेले. त्याच्या होडीवर तू जप्तीचा कागद चिकटवला होतास. मफलरही असाच कोणाचा तरी. तू वाईट बातमी घेऊन जायचास आणि गरम कपडे घेऊन परत यायचास. मी वीस वर्षे चांगले शब्द वाटले. मला कोणी हातरुमालही दिला नाही.

माझ्या घरीही तेच. सुशीला मोजके बोलणारी बाई. तू ओसरीवर टेकलास की आतून आल्याचा वास यायचा आणि तिचे हसणे ऐकू यायचे. मी एकदा तिला म्हटले, मला कधी न मागता आले घालून चहा मिळत नाही. ती म्हणाली, "तुम्ही कुठून थंडीतून येता? खांबापासून तर येता." तू त्यावर ठसका लागेपर्यंत हसलास. मीही हसल्यासारखे केले.

मनवेलपाड्याची हकीकत आता लिहितो. ती आजवर लोकांनी माझ्या तोंडून ऐकलेली आहे. ही दुसरी प्रत आहे, आणि हीच खरी.

माझ्या एका अशिलाचा पाय मोडला होता. तो मनवेलपाड्याला पडून, आणि त्याचा अंगठा सोमवारच्या आत कागदावर हवा होता. तू त्याच बाजूला निघाला होतास. मी भाड्याची सायकल घेतली आणि माझा नवा ओव्हरकोट घातला. निकालात निघालेल्या लष्करी मालातला, जाड, गुडघ्याखाली पोचणारा. तू मला पाहून शीळ घातलीस. "जरनेलसाहेब, लढाई संपली."

रुळांपर्यंत मी राजासारखा गेलो. अंगाला वारा शिवला नाही. मी तुला ते ऐकवलेही. तू दात वाजवीत पुढे चाललास. गोखिवऱ्याला माझ्या पाठीवरून घामाची धार लागली. "कोट काढ," तू म्हणालास. मी काढला नाही. तुला वाटले हट्ट आहे. हट्ट नव्हता, पेद्रू. कोटाच्या आत नुसता बनियन होता, आणि तो पाठीवर फाटलेला होता. भारी कोट असल्यावर आत काय आहे ते कोण पाहतो, असा मी विचार केला होता. गोखिवऱ्याच्या वाटेवर बायका पाण्याला निघाल्या होत्या. वसईच्या अर्जनवीसाचा फाटका बनियन त्यांनी पाहावा, हे मला मान्य नव्हते.

आचोळ्याला तू जानकीआजीच्या दारी थांबलास, तुझ्या रीतीप्रमाणे थांबण्याआधी स्वेटर चढवून. मी नुसता थांबलो. आणि पाच मिनिटांत ती तिसरी थंडी आली. आतला घाम बर्फासारखा झाला. वरचा कोट भिजलेल्या गोणपाटासारखा जड. माझे दात असे वाजू लागले की मला आजीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईना. ती तुला विचारीत होती, "ह्यो कोन? तुजा कैदी काय?"

"कैदी नाय गे, रायटर हाय."

"मग यवडा कापतो कशाला? कुनाचं वाईट लिवलं का काय?"

तू मला पेंढ्याच्या उडवीमागे नेलेस. कोट उतरवलास, बनियन उतरवलास. तो फाटलेला आहे हे तू पाहिलेस आणि त्याबद्दल काही बोलला नाहीस. मफलरने माझी पाठ कोरडी केलीस. तुझी बंडी मला घातलीस, छातीशी तुझे कागद ठेवलेस, वर तुझा स्वेटर. स्वतः नुसत्या बनियनवर डगला आणि मेणकापड घालून पुढे निघालास. मनवेलपाड्यापर्यंत मला ना घाम आला ना थंडी वाजली. माझा ओव्हरकोट तुझ्या कॅरिअरवर बांधलेला होता आणि त्याच्या वजनाने तुझी सायकल मागून डुलत होती. तू म्हणत होतास, "रायटर, तुजा कागद लय गरम. तू दाबून लिवतोस म्हून."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात काय सांगितले ते तुला ठाऊक आहे, कारण तू तेथेच चेनला तेल घालीत उकिडवा बसला होतास. मी सांगितले, की पेद्रूला वाटेत हुडहुडी भरली, तेव्हा मी माझा ओव्हरकोट काढून त्याच्या अंगावर घातला. लोक वाहवा म्हणाले. एकाने तुला विचारले, "काय रे पेद्रू, खरं का?" तू तेलाचा हात पुसलास. म्हणालास, "रायटरचा कोट लय भारी हाय." एवढेच. खोटे बोलला नाहीस आणि मला उघडाही पाडले नाहीस. त्या क्षणी मी तुझा जितका मत्सर केला तितका आयुष्यात कधी केला नव्हता. खोटे न बोलता दुसऱ्याची अब्रू राखणे, ही भाषा मला लिहिता येत नाही.

आज ही हकीकत मी खरी करून छापायला देत आहे. नोंद व्हावी.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर तू माझ्या खांबाशी आलास. तुम्हां तिघां बेलिफांना थंडीच्या फेऱ्यांसाठी कोर्टाकडून कपडे मिळावेत, असा अर्ज हवा होता. काय मागायचे ते तू बोटांवर सांगितलेस. एक फ्लॅनेलची बंडी, एक बिनबाह्यांचा स्वेटर, एक पुढून वारा अडवणारे पातळ कापड. मी कान देऊन ऐकले आणि लिहायला बसलो. दोन दिवस लिहीत होतो. माझ्या हातून इतका चांगला अर्ज दुसरा झालेला नाही, हे मी आजही म्हणतो. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे : 'सबब हुजुरांनी कृपावंत होऊन, शीतकाळी देहभान हरपून राजकार्य बजावणाऱ्या या गरीब सेवकांस उत्तम प्रतीचा, लोकरीचा, पायघोळ असा एकेक ओव्हरकोट बहाल करावा.'

तू सावकाश वाचलेस. बोट ठेवून वाचलेस. मग वर पाहिलेस.

"ह्यात माजा एक पन शब्द नाय, रायटर."

"अर्जात तुझे शब्द नसायचेच. म्हणून तर अर्जनवीस असतो."

"नि पायघोळ? तो चेनमदी जाईल नि मी नाल्यामदी."

"चेन तू सांभाळ. भाषा मी सांभाळतो. तीन चिंध्या मागितल्या तर साहेब हसतील. एक मोठी वस्तू मागावी. मागण्याला वजन लागते."

"वजनच नको, म्हून तर सांगतो," तू म्हणालास. मग माझ्या तोंडाकडे पाहिलेस, आणि काय दिसले कोण जाणे, अर्ज नीट घडी करून आत खुपसलास. "पन सुंदर लिवलास हां."

मी समजलो की तो तू नाझरसाहेबांकडे दिलास. दिवाळीपर्यंत मी ज्याला त्याला सांगत होतो की बेलिफांच्या कोटांचा माझा अर्ज वर गेला आहे. तू ऐकत होतास.

नाताळानंतर तुला कावीळ झाली. दहा दिवस. मी तीनदा आलो. पहिल्या दोन वेळा तू मला ओळखलेस, आणि दोन्ही वेळा काही सांगायचे असल्यासारखे ओठ हलवलेस. मी म्हटले, बोलू नकोस, विश्रांती घे. वाटेत लोकांनी विचारले, थंडी बाधली का? मी रागावलो. थंडीने तुला कधी हात लावला नाही, ती तुला ओळखत होती. पण त्या दोन वेळा मी तुला बोलू दिले नाही, हे मी कोणाला सांगितलेले नाही.

महिन्याच्या मिस्सेनंतर मर्सेलीन वहिनीने घरी बोलावले. ओसरीवर तुझे कपडे मांडले होते, धुऊन, घड्या घालून. ती म्हणाली, "ज्याचं त्याला देतंय. पेद्रू म्हनायचा, उसनं आनलेलं आंगावर घेऊन वर जायाचं नाय." स्वेटर जानकीआजीला. आजी आचोळ्याहून चालत आली होती. तिने तो छातीशी धरला आणि मोठ्याने रडली. मेणकापड नाखव्याला. मफलर त्याच्या मालकाला. मी रांगेत बसलो होतो आणि प्रत्येक वस्तूच्या वेळी मला वाटत होते की ही आपल्याला मिळावी. दुसऱ्याची वस्तू. मेलेल्या माणसाच्या मफलरवरून माझ्या मनात असे यावे, याची मला लाज वाटली, आणि तरी ते येत राहिले.

बंडी तिने माझ्या हाती दिली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या सुशीलाच्या हाती दिली. म्हणाली, "वयनी, तुमची."

तुमची? मी सुशीलाकडे पाहिले. ती खाली पाहत होती.

मग मला कागद मिळाले. माझे कागद, सुतळीने बांधलेले. तुझ्या छातीच्या आकाराने वाकलेले, घामाने पिवळे पडलेले. घरी येऊन मी गठ्ठा सोडला. अगदी आत, इतरांहून जास्त झिजलेला, माझा ओव्हरकोटांचा अर्ज होता. तो कधी कोठे दिलाच गेला नव्हता. तू तो सही न करता दिवाळीपासून छातीवर वापरीत होतास.

मी एकदम कोसळलो नाही, कारण मला एक आधार होता. मला वाटले, पेद्रूला अर्ज इतका आवडला की त्याच्याने तो देववला नाही. मी अर्धा दिवस या समजुतीवर काढला. मग नाझरसाहेबांनी बोलावले. टेबलावर दोन गाठोडी होती. उरलेल्या दोघां बेलिफांसाठी मंजूर होऊन आलेले कपडे. बंडी, स्वेटर, पातळ मेणकापड. तिसरे गाठोडे बाजूला ठेवले होते, त्याच्यावर कोणाचे नाव नव्हते.

"वामनराव, पेद्रूचा हा अर्ज तुमच्या हातचा नव्हे ना?"

"का साहेब?"

"एकदा वाचून कळला, म्हणून विचारलं."

त्यांनी कागद पुढे केला. मी तो येथे उतरवून घेतो, कारण पुरावा अर्धा सांगू नये.

'मेहेरबान नाझरसाहेब यांस. मी पेद्रू बेलिफ. पहाटे सायकलने समन्स घेऊन जातो. जाड कोट घातला तर घाम येतो, आणि थांबल्यावर तो घाम गार होतो. म्हणून आम्हां तिघांना कोट नको. एक बंडी, एक बिनबाह्यांचा स्वेटर आणि पुढून वारा अडवणारे पातळ कापड द्यावे. गरम झाले की एकेक काढता येते. थांबायच्या आधी पुन्हा घालता येते. आम्ही आजारी पडणार नाही आणि समन्स वेळेवर पोचतील. पेद्रू.'

खाली तुझी सही. वरचे अक्षर मी ओळखले. ते अक्षर माझ्या घरातल्या लोणच्याच्या बरणीवर आहे, धोब्याच्या यादीवर आहे. त्या अक्षरातला 'ळ' गाठ मारल्यासारखा घट्ट असतो. सुशीला मराठी सातवी पास झालेली आहे. मी पाचवीतून उठलो. ही गोष्ट कचेरीत कोणाला ठाऊक नाही. आता मासिक वाचणाऱ्या सर्वांना होईल.

घरी ती तांदूळ निवडीत होती. तुझ्या अर्जाची नक्कल मी उतरवून आणली होती, तो कागद सुपात ठेवला. तिने तो बाजूला केला आणि निवडत राहिली.

"पेद्रूभावजी आले होते. मंगळवार होता. म्हणाले, वयनी, मी बोलतो तेवढंच लिवा. मी लिहिलं."

"मी कचेरीत होतो. कचेरी काय समुद्रापार आहे?"

"माहीत होतं त्यांना."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केला असता."

मी कागद उचलून खिशात घातला. मग विचारले, आणि बंडी? म्हणाली, बंडी तीन वर्षांपूर्वी शिवली, आतून माझ्याच जुन्या सदऱ्याचे अस्तर लावून. म्हणजे माझा सदरा तीन हिवाळे तुझ्या अंगावर होता, आणि उडवीमागे तो एकदा माझ्याही अंगावर आला, आणि दोघांनी मिळून मला सांगितले नाही. मी काही कठोर बोललो. ते मी येथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली :

"मीही म्हटलं होतं त्यांना, ह्यांना वाईट वाटेल. तर म्हणाले, वाटूंदे. मंजूर झालं की मीच सांगेन. मग तो भांडायला येईल, तवा चहा करा."

पेद्रू, मी रात्रंदिवस लोकांची भांडणे लिहितो. माझ्याशी भांडण व्हावे, त्यासाठी चहा तयार असावा, असा विचार आजवर कोणी केला नव्हता. तू केलास, आणि मग ती दहा दिवसांची कावीळ मध्ये आली. मी तुझ्या उशाशी बसून तुला गप्प राहायला सांगितले.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी सुशीलाला वाचायला दिला. आयुष्यात प्रथमच दिला. तिने शेवटपर्यंत वाचला आणि परत केला. मी विचारले, काही दुरुस्त करायचे आहे का. म्हणाली, "हे भांडण आहे. त्यात मी कशाला पडू?" आणि चहा ठेवायला आत गेली. तो प्याला माझ्यासमोर आहे, त्यात आले आहे, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे. तू मात्र समोर नाहीस.

सबब जाबदारास विनंती, की त्याने एकाच मुद्द्यावर खुलासा करावा. त्या मंगळवारी तू माझ्या घरी गेलास तो माझ्या हातावर विश्वास उरला नाही म्हणून, की माझ्या मनाला जपायचे म्हणून? पहिले असेल तर मला मान्य आहे, माझे काही म्हणणे नाही. दुसरे असेल तर मी ही तक्रार बिनशर्त मागे घेतो, आणि बेलिफांच्या कोटांचा माझा अर्ज रद्द समजावा.

उत्तरास मुदत नाही. ते पाचूबंदरच्या बोलीत असले तरी चालेल, अपुरे असले तरी चालेल. एकही शब्द न बदलता मी ते उतरवून घेईन.